घाट लागल्यावर कळतं

“दादा, सीडी टाकली की कॉम्प्युटर बंद पडतो.”

कर्जतला दुकान टाकल्यापासून हे वाक्य मी किती वेळा ऐकलं, त्याचा हिशेब नाही. दुकान म्हणजे स्टेशनपासून पाच मिनिटांवरचा एक गाळा. आत लांब टेबल, त्यावर उघडी पडलेली दोन-तीन कॅबिनेटं, भिंतीवर खिळ्यांना टांगलेल्या केबली आणि कोपऱ्यात धूळ उडवायचा ब्लोअर. २००२ साली सुरुवात केली तेव्हा कर्जत-खालापूरकडे घरात कॉम्प्युटर असणं म्हणजे शेजाऱ्यांनी बघायला यायची गोष्ट होती. एमएस-सीआयटीचे वर्ग नुकते निघाले होते. फोटो स्टुडिओवाले, झेरॉक्सवाले, कारखान्यांचे हिशेबनीस एकेक करून मशीन घेत होते. इंटरनेट टेलिफोनच्या तारेतून कुरकुरत यायचं, त्यामुळे जे काही यायचं ते सीडीवरूनच. विंडोज सीडीवर, मराठीचे फॉन्ट सीडीवर, प्रिंटरचे ड्रायव्हर सीडीवर, पोरांचे धडे सीडीवर. निवडणूक आली की पक्षाचे कार्यकर्ते मतदारयादीची सीडी घेऊन यायचे आणि “आमच्या वॉर्डाची पानं तेवढी काढून द्या” म्हणायचे.

आणि मग ती सीडी टाकली की कॉम्प्युटर बंद पडायचा.

सुरुवातीची दोन वर्षं मी हे वाक्य ऐकलं की लगेच पेचकस उचलायचो. मग एक प्रश्न विचारायला शिकलो आणि माझं निम्मं काम कमी झालं. प्रश्न साधा आहे: “बंद पडतो म्हणजे नक्की काय होतं?”

गिऱ्हाइकाच्या ‘बंद पडतो’मध्ये निदान चार वेगवेगळे आजार असतात. एक, मशीन खटकन विझतं आणि आपोआप पुन्हा सुरू होतं. दोन, निळा पडदा येतो आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत इंग्रजी मजकूर. तीन, सगळं जिथल्या तिथे थिजतं. माउसचा बाण हलतो किंवा तोही हलत नाही, आणि ड्राइव्ह आत ‘घर्र… घर्र…’ करत बसतो. आमच्याकडे याला ‘लटकला’ म्हणतात. चार, कॉम्प्युटरला काहीच होत नाही, फक्त सीडीची उघडलेली खिडकी मिटते आणि डेस्कटॉपवरची चित्रं क्षणभर गायब होऊन परत येतात. डॉक्टरला ‘पोटात दुखतंय’ एवढं सांगून भागत नाही, कुठे दुखतं, जेवणाआधी की नंतर, हे सांगावं लागतं. इथेही तसंच. विझणं हे बहुतेक वेळा विजेचं दुखणं, निळा पडदा ड्रायव्हरचं किंवा रॅमचं, लटकणं वाचनाचं, आणि खिडकी मिटणं एखाद्या फाइलीचं. ‘बहुतेक वेळा’ हा शब्द मात्र सोडायचा नाही. तो सोडला की काय होतं, ते मी एका गुरुजींच्या जिवावर शिकलो.

२००४ सालची गोष्ट. नेरळच्या बाजूचे एक निवृत्त शिक्षक रिक्षातून कॉम्प्युटर घेऊन आले. मॉनिटर त्यांनी मांडीवर धरला होता. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी मुलाकडून टायपिंग शिकून घेतलं होतं आणि ते आपल्या गावची हकीकत लिहीत होते. कोणती घरं कुठून आली, विहीर कुणी खोदली, गावकीचे मान कसे ठरले, असं सगळं. अधूनमधून ते कुणाकडून तरी त्याची सीडी ‘मारून’ ठेवत. तीच सीडी उघडली की कॉम्प्युटर लटकत होता.

मी सीडी टाकली, मशीन लटकलं. मी म्हणालो, “गुरुजी, विंडोज खराब झालंय. फॉर्मॅट मारावा लागेल.”

आमच्या धंद्यात त्या काळी हे रामबाण औषध होतं. कशानंही काही झालं की फॉर्मॅट. दीड तासाचं काम, ठरलेले पैसे, गिऱ्हाईकही खूश, कारण मशीन नव्यासारखं पळायला लागतं. मी विचारलं, “डेटा कुठल्या ड्राइव्हमध्ये आहे?” गुरुजी म्हणाले, “सगळं समोरच आहे की.” मी ‘डी’ ड्राइव्ह उघडून पाहिला, त्यात नातवाचे गेम होते. ते जपून ठेवले आणि ‘सी’ पुसला. ‘समोरच’ म्हणजे डेस्कटॉपवर, आणि डेस्कटॉप असतो ‘सी’मध्येच. हे मला ठाऊक होतं. मी फक्त त्यांच्या शब्दाकडे लक्ष दिलं नाही.

विंडोज नवं टाकलं, सीडी घातली, आणि मशीन पुन्हा लटकलं. बिघाड विंडोजमध्ये नव्हताच. ड्राइव्हचा लेझर थकला होता. कारखान्यात ठशानं छापलेल्या सीडीवरून प्रकाश चांगला परततो. घरी राइट केलेल्या सीडीवरून तो थोडा कमी परततो. थकलेल्या लेझरला पहिली वाचता येते, दुसरी येत नाही. विंडोजची छापील सीडी त्याच ड्राइव्हमधून सुरळीत चालली, म्हणून ड्राइव्हवर मला संशयच आला नाही. दुसरा ड्राइव्ह लावल्यावर गुरुजींची सीडी उघडली. तिच्यात पहिली साठ पानं होती. त्यानंतर लिहिलेलं ऐंशीएक पानांचं लेखन ‘समोर’ होतं, ते मी पुसून त्यावर विंडोज चढवलं होतं. पुसलेलं परत आणायची सॉफ्टवेअरं चालवली, पण हाती तुकडेच लागले.

मी सांगितलं तेव्हा गुरुजी थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “असू दे. साठ तर आहेत ना.” आणि पाकीट काढून फॉर्मॅटचे पैसे द्यायला लागले. मी ते घेतले नाहीत, पण त्यानं काय होतंय? पुढचं सगळं त्यांनी वहीत हातानं लिहिलं, एवढं मला नंतर कळलं. कॉम्प्युटर त्यांनी नातवाला देऊन टाकला.

त्या दिवसापासून दुकानात दोन नियम आहेत. आधी माणसाचं लिहिलेलं, काढलेलं, जमवलेलं बाहेर काढायचं आणि मगच मशीनला हात लावायचा. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

दुसरा नियम ऐकायला सोपा वाटतो, पण पाळायला जड जातो. गिऱ्हाईक डोक्यावर उभं असतं, लाइट कधी जाईल सांगता येत नाही, आणि हातात केबल, ड्राइव्ह, रॅम सगळंच असतं. एकदम सगळं बदलून टाकावं असं वाटतं. तसं केलं तर मशीन चालू होतंही, पण कशानं बिघडलं होतं ते कळत नाही. मग पंधरा दिवसांनी तेच दुखणं परत येतं.

हे नियम कसाला लागले ते २००७ साली, खोपोलीत. तुळशीचं लग्न तोंडावर होतं, म्हणजे लग्नसराई सुरू व्हायची वेळ. तिथल्या एका स्टुडिओवाल्यांचा फोन आला. खालापूरकडच्या एका गिऱ्हाइकाला मागच्या उन्हाळ्यातल्या लग्नाचे फोटो पुन्हा छापून हवे होते आणि त्या लग्नाची डीव्हीडी टाकली की मशीन विझत होतं. कर्जतहून खोपोलीची गाडी धरली. पळसदरी, केळवली, डोळवली, लवजी, आणि मग खोपोली. पंधरा किलोमीटरच. पण गाड्या मोजक्या, त्यामुळे एक गाडी चुकली की दिवस गेला.

पोचल्यावर मी काहीच उघडलं नाही. खुर्ची ओढून बसलो आणि म्हणालो, “तुम्ही नेहमी करता तसंच करा.” त्यांनी डीव्हीडी टाकली. ट्रे आत गेला, हिरवा दिवा लुकलुकला, ड्राइव्हनं वेग घ्यायला सुरुवात केली, आवाज चढत गेला आणि खट! पडदा काळा. पाच सेकंदांनी मशीन पुन्हा सुरू. मी रिकामा ट्रे आत-बाहेर करायला सांगितला, काही झालं नाही. गाण्यांची सीडी लावली, छान वाजली. पुन्हा डीव्हीडी टाकली की खट!

गाण्याची सीडी वाजवताना ड्राइव्ह सावकाश फिरतो, डेटा वाचताना तो सगळं बळ लावतो. म्हणजे धागा वेगाशी होता. पण एवढ्यावर निकाल द्यायचा नाही, हे गुरुजींनी शिकवलं होतं. विंडोज एक्सपीची एक खोड होती: निळा पडदा आला की तो वाचायच्या आत मशीन आपोआप पुन्हा सुरू करायचं. ती सोय आधी बंद केली. ‘माय कॉम्प्युटर’ची प्रॉपर्टीज उघडायची, ‘अ‍ॅडव्हान्स्ड’मध्ये ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’वर जायचं आणि ‘ऑटोमॅटिकली रीस्टार्ट’समोरची खूण काढायची. आता विंडोजची तक्रार असेल तर निळा पडदा तसाच थांबायला हवा. डीव्हीडी टाकली. पडदा निळा न होता सरळ काळाच झाला. म्हणजे विंडोजला ‘मेलो’ म्हणायलाही वेळ मिळत नव्हता. पायाखालची वीजच जात होती.

मग मल्टीमीटर काढला. एसएमपीएसमधून, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्यातून, येणाऱ्या पिवळ्या तारेत १२ व्होल्ट असतात. ड्राइव्हची मोटर आणि हार्ड डिस्कची मोटर त्यावरच फिरते. पाच टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे ११.४ ते १२.६. एका मोकळ्या पिनेत मीटरची टोकं धरून बसलो. निवांत असताना आकडा ११.७. डीव्हीडी टाकली, ड्राइव्ह चढू लागला तसा ११.५, ११.३, ११ आणि काळोख. मशीन बंद करून, वायर काढून, जरा वेळ जाऊ दिला आणि एसएमपीएसचं झाकण उघडलं. आत धुळीची गादी, आणि त्या गादीत दोन कॅपॅसिटर वरून फुगलेले, एकाच्या डोक्यावर तपकिरी डाग. कॅपॅसिटरचं डोकं सपाट असायला हवं. पुरीसारखं फुगलं की तो गेला. त्या वर्षांत जगभरच्या मदरबोर्डांत आणि एसएमपीएसमध्ये असे कच्चे कॅपॅसिटर निघाले होते. त्यात आमच्याकडची वीज, दिवसातून चार वेळा जाणारी आणि येताना धक्का देऊन येणारी.

स्टुडिओवाले म्हणाले, “अहो, पण बाकी सगळं चालतंय की! फोटोशॉप चालतं, गाणी वाजतात. मग सीडीतच प्रॉब्लेम ना?”

मी म्हणालो, “आपल्याकडे पुण्याला जाणाऱ्या गाड्या कर्जतला का थांबतात?”

हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. कल्याणपासून एका इंजिनानं मजेत आलेली गाडी कर्जतला उभी राहते आणि तिला मागून बँकर, म्हणजे ढकलणारं जास्तीचं इंजिन, लावतात. पुढे बोरघाट आहे. सदतीस फुटांना एक फूट असा चढ, १८६३ साली मार्ग खुला झाला तेव्हापासूनचा. इंजिन कमी पडतंय हे भिवपुरीला कळत नाही, घाट लागल्यावर कळतं. फोटोशॉप, गाणी ही सपाटी. डेटा डिस्क उघडणं हा घाट. तिथे एकाच क्षणी मोटर वेग घेते, प्रोसेसर जागा होतो, हार्ड डिस्क फिरते. गाडी घाटात थांबली म्हणून कुणी घाटाला दोष देत नाही. सीडीला मात्र लगेच देतात.

त्यांना पटलं. दुसऱ्या दिवशी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून नवा एसएमपीएस आणून लावला, मीटर ११.९ वरून हलेना. डीव्हीडी टाकली, मशीन विझलं नाही. मी निर्धास्तपणे चहा मागवला. चहा येईपर्यंत मशीन लटकलं.

“आधी निदान बंद तरी पडत होता,” स्टुडिओवाले म्हणाले, “आता धड बंदही पडत नाही!”

हसण्यासारखं होतं, पण मला तेव्हा हसू आलं नाही. एक बिघाड काढला की त्याच्यामागे लपलेला दुसरा दिसतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये आयडीई चॅनेल उघडून पाहिलं, तर डीव्हीडी रायटर ‘पीआयओ’ पद्धतीवर उतरला होता. एरवी ड्राइव्ह वाचलेला माल थेट मेमरीत टाकतो, त्याला डीएमए म्हणतात. पण वाचनात सहाहून जास्त वेळा चूक झाली, की एक्सपी तो विश्वास काढून घ्यायची आणि पीआयओ लावायची. मग प्रत्येक घमेलं प्रोसेसरला स्वतः उचलून न्यावं लागतं. साहेबानंच पाटी उचलायला घेतल्यावर ऑफिस थांबणारच. त्यात कुणीतरी दुसरी हार्ड डिस्क बसवताना सगळ्यांची सोय म्हणून विंडोजची हार्ड डिस्क आणि डीव्हीडी रायटर एकाच केबलवर आणून ठेवले होते. आयडीईच्या एका केबलवर एका वेळी एकालाच बोलता येतं. खोपोलीची लाइन एकेरी आहे, समोरची गाडी आल्याशिवाय आपली सुटत नाही, तसंच हे. डीव्हीडीचा एक खराब तुकडा पुन्हा पुन्हा वाचायला ड्राइव्ह धडपडतोय, तोवर हार्ड डिस्क सिग्नलला उभी, आणि तिच्यावरचं विंडोजही उभं.

कॅबिनेटच्या पत्र्याखाली दाबली गेलेली ती केबल काढून टाकली. रायटरला स्वतंत्र केबल दिली, मागचा जम्पर ‘मास्टर’वर केला. डिव्हाइस मॅनेजरमधून ते चॅनेल काढून मशीन पुन्हा सुरू केलं. विंडोजनं सगळं नव्यानं ओळखलं, डीएमए परत आला. डीव्हीडी उघडली. फोल्डर दिसले. स्टुडिओवाल्यांनी लग्नाच्या फोल्डरवर डबल क्लिक केलं, आणि खिडकी मिटली.

हा तिसरा. पण आता तो माझ्या ओळखीचा होता. ‘खिडकी मिटणं फाइलीचं.’ फोल्डर उघडला की एक्सपी प्रत्येक फोटोचं, प्रत्येक व्हिडिओचं छोटं चित्र बनवायला जायची. त्यासाठी ती फाइल आतून वाचायची. त्या फोल्डरात पाचशे फोटोंबरोबर हळदीच्या व्हिडिओची एक फाइल होती, बनवताना अर्ध्यातच लाइट गेलेली. तिचं चित्र बनवताना एक्सप्लोररच कोसळायचा. मी ‘कमांड प्रॉम्प्ट’ची काळी खिडकी उघडली. तिथे चित्रं नसतात, फक्त नावं असतात. तिथून फक्त फोटोंच्या फाइली हार्ड डिस्कवर कॉपी केल्या. पाचशेच्या पाचशे आले. संध्याकाळच्या गाडीला मी खोपोली स्टेशनवर होतो.

एका तक्रारीत तीन बिघाड होते. पहिल्याच दिवशी सगळं एकदम बदललं असतं तर मशीन चाललं असतं, पण त्या अर्धवट फाइलीवर येऊन मी पुन्हा ‘फॉर्मॅट मारू’ म्हणालो असतो. गुरुजींची साठ पानं त्या दिवशी खिशात असल्यासारखी वाटत होती.

दर वेळी डिस्क निर्दोष असते असंही नाही. २००५ साली सोनी बीएमजीनं गाण्यांच्या सीड्यांवर कॉपी रोखणारा असा एक प्रोग्रॅम घातला होता, की सीडी कॉम्प्युटरवर वाजवायला घेताच तो विंडोजच्या पोटात लपून बसायचा. मार्क रुसिनोविच या तंत्रज्ञानं त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला तो उघडकीला आणला. कुणी तो हातानं काढायला गेलं, तर सीडी ड्राइव्हच दिसेनासा व्हायचा. आमच्याकडे तशा सीड्या आल्या नाहीत, पण पायरेटेड गेमांच्या सीड्यांतून आलेली भुतं मी पुष्कळ उतरवली. तेव्हा शिफ्टचं बटण दाबून धरून सीडी टाकायची सवय लावून घेतली. शिफ्ट दाबलेलं असलं की सीडीवरचा प्रोग्रॅम आपोआप सुरू व्हायचा नाही.

आणि कधी डिस्क खरोखर म्हातारी झालेली असते. आमच्याकडे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जूनमध्ये कपाटात ठेवलेल्या चपलेला ऑगस्टमध्ये बुरशी येते. मग सीडीला का सोडेल? स्पेनमधल्या संशोधकांना २००१ साली मध्य अमेरिकेतल्या बेलीझहून आलेल्या एका सीडीत चक्क बुरशी सापडली होती, कडेनं आत शिरून चकचकीत थर खाणारी. ती बातमी वाचली तेव्हा आमच्या गिऱ्हाइकांच्या कपाटांचा वास आठवला. २६ जुलै २००५ च्या पावसानंतर तर लोक चिखलानं माखलेल्या सीड्या पिशवीत घालून आणत होते. साध्या पाण्यानं धुऊन, मऊ सुती कापडानं मधून कडेकडे सरळ पुसून, सावलीत वाळवल्या, तर त्यातल्या बऱ्याच उघडल्या. गोल गोल पुसायचं नाही. माहिती गोल रेघेतच लिहिलेली असते, त्यामुळे गोल ओरखडा पडला तर एकाच ओळीतलं सलग पुसलं जातं. ती रेघ सलग मोजली तर पाच किलोमीटरांच्या वर भरते. कर्जतहून सुटून पळसदरी मागे टाकेल एवढी.

लोक चकचकीत बाजू जिवापाड जपतात आणि नावाच्या बाजूवर बॉलपेननं खरवडून ‘पप्पूचं बारसं’ लिहितात. सीडीत माहितीचा थर नावाच्याच बाजूला असतो, वर फक्त लाखेचा पातळसा थर. खालचा ओरखडा पुष्कळदा घासून काढता येतो. वरचा ओरखडा म्हणजे माहितीच गेली. कागदी स्टिकर चिकटवला तर डिस्क फिरताना डोलते. मधल्या भोकाशी केसाएवढी चीर असेल तर ती डिस्क ड्राइव्हमध्ये घालूच नये. वेगवान ड्राइव्ह मिनिटाला दहा हजारांच्या आसपास फेरे घेतो. एकदा माझ्याच टेबलावर अशी डिस्क आत फुटली. फटाक्यासारखा आवाज झाला आणि ट्रे उघडला तेव्हा आत चमचमता चुरा. तेव्हापासून डिस्क हातात आली की मी आधी ती उजेडात धरतो, भोकातून बघतो आणि मगच विचारतो, “बंद पडतो म्हणजे नक्की काय होतं?”

काळ पुढे गेला, पण वाक्य तेच राहिलं. २०१४ साली खालापूर तालुक्यातल्या एका दवाखान्यातून बोलावणं आलं. पाठीच्या दुखण्याचा एक शेतकरी पेशंट शहरातून एमआरआय काढून आला होता. स्कॅनवाल्यांनी फिल्मबरोबर सीडी दिली होती आणि ती टाकली की दवाखान्यातला कॉम्प्युटर थिजत होता. डॉक्टर म्हणाले, “फिल्मवर मला हवी ती जागा नीट दिसत नाही. नाहीतर याला पुन्हा तेवढं लांब पाठवायला लागेल.” पेशंट बाकावर एका कुशीवर टेकून बसला होता, त्याला सरळ बसवत नव्हतं.

विचारलं तर कळलं, सीडी टाकली की ‘चालवू का?’ म्हणून चौकट येते आणि मदतनीस ‘हो’ म्हणतो. सीडीवरच चित्रं दाखवणारा एक प्रोग्रॅम होता. तो सीडीवरूनच चालू व्हायचा आणि शेकडो चित्रं तिथूनच ओढायला बघायचा. मशीन जुनं, रॅम तोकडी. मी ‘नाही’ म्हटलं, ड्राइव्हवर राइट क्लिक करून ‘ओपन’ केलं, चित्रांचा फोल्डर हार्ड डिस्कवर कॉपी केला आणि तीच चित्रं दुसऱ्या हलक्या प्रोग्रॅममध्ये उघडली. एमआरआयची चित्रं ‘डायकॉम’ नावाच्या ठरलेल्या पद्धतीतच ठेवलेली असतात, ती पद्धत वाचणाऱ्या कुठल्याही प्रोग्रॅममध्ये ती उघडता येतात. वीस मिनिटांचं काम. डॉक्टर पडद्याजवळ वाकले, एका मणक्यापाशी थांबले आणि पेशंटला म्हणाले, “जायची गरज नाही, मामा. दिसलं मला.” कॉम्प्युटर दुरुस्त केला असं मी त्या दिवशी म्हणू शकत नाही. मी काहीच दुरुस्त केलं नाही.

आता दुकानात कॅबिनेटं कमी आणि मोबाइल जास्त येतात. नव्या लॅपटॉपला सीडीचा ड्राइव्हच नसतो. पण यूएसबीला लावायचा एक बाहेरचा ड्राइव्ह मी पिशवीत ठेवतो, कारण दर महिन्याला कुणीतरी कपाट आवरताना सापडलेल्या सीड्या घेऊन येतंच. लग्नाची, साठीची, आजीच्या आवाजातल्या ओव्यांची. आली की मी ती चालवून बघत नाही, आधी सगळं उतरवून घेतो. एका ड्राइव्हला वाचता आली नाही तर दुसऱ्याला देतो. ड्राइव्हा-ड्राइव्हाचा डोळा वेगळा असतो. अडलेल्या जागा सोडून आधी सोपं वाचणारी आणि मग अडलेल्याकडे वळणारी सॉफ्टवेअरं मिळतात, ती रात्रभर चालत ठेवतो.

म्हणून एक विनंती. घरात राइट केलेल्या सीड्या, डीव्हीड्या असतील तर पुढच्या पावसाळ्याची वाट बघू नका. त्या काढा, उजेडात धरून बघा, ज्यांच्याकडे ड्राइव्ह आहे त्यांच्याकडे न्या आणि दोन ठिकाणी उतरवून घ्या. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं मराठी असेल तर ते युनिकोडमध्ये करून घ्या आणि कागदावरही छापून ठेवा. नाहीतर डिस्क वाचता येते, अक्षर वाचता येत नाही. आणि दुरुस्तीला मशीन दिलंत, तर ‘डेटा समोरच आहे’ एवढ्यावर थांबू नका. कुठे आहे ते बोट लावून दाखवा. समोरच्यानं बघितलं नाही तर पुन्हा दाखवा.

गुरुजींच्या सीडीची एक प्रत माझ्या टेबलाच्या खणात आहे. मागच्या मे महिन्यात काढून बघितली. साठही पानं उघडली.